कन्हानची रेती आम्लधर्मी कशी?

काटोलकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या तरुण शिक्षिकेने विचारलं आहे: "सर, आवर्तसारणीच्या तिसऱ्या आवर्तात, म्हणजे सोडियमपासूनच्या आडव्या ओळीत, डावीकडून उजवीकडे जाताना ऑक्साइड आधी आम्लारिधर्मी, मग उभयधर्मी (आम्ल आणि आम्लारी दोन्हींना दाद देणारी) आणि शेवटी आम्लधर्मी होत जातात, असं मी फळ्यावर लिहिलं. दुसऱ्या दिवशी एक मुलगा घराच्या बांधकामावरची मूठभर कन्हान नदीची रेती घेऊन आला. पाण्यात टाकली, निळा लिटमस बुडवला, काहीच झालं नाही. मग मी ॲल्युमिनियम ऑक्साइडची बाटली काढली. आम्लात टाकलं, विरघळलं नाही. कॉस्टिक सोड्यात, म्हणजे आम्लारीत टाकलं, तिथेही नाही. वर्गासमोर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तक चुकलंय की मी?"

मॅडम, पुस्तक बरोबर आहे आणि तुम्हीही बरोबर आहात. त्या मुलाने तर फारच चांगलं केलं, त्याला माझ्याकडून शाबासकी सांगा. रेती म्हणजे मुख्यतः सिलिका, सिलिकॉनचं ऑक्साइड, आणि ते आम्लधर्मीच आहे. गडबड लिटमसपाशी झाली. लिटमसला फक्त पाण्यात उतरलेलं कळतं. जे पाण्यात उतरतच नाही, त्याबद्दल तो काही सांगू शकत नाही. ऑक्साइड आम्लधर्मी आहे की आम्लारिधर्मी, हा एक प्रश्न. ते पाण्यात विरघळतं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर त्या अणूची ऑक्सिजनवर किती ओढ आहे यावर ठरतं, दुसऱ्याचं उत्तर त्या पदार्थाची बांधणी किती घट्ट आहे यावर. आपण शिकवताना हे दोन प्रश्न एकाच दोरीत बांधतो आणि मग रेतीपाशी दोरी तुटते.

मी नागपुरात खनिजांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काम केलं. मँगनीजचं खनिज, बॉक्साइट, चुनखडी, भट्टीच्या विटा, भट्टीतला मळ (धातू वितळवताना वेगळा होणारा कचरा, स्लॅग), असं सगळं आमच्याकडे यायचं. आवर्तसारणी मी कॉलेजात पाठ केली होती, पण ऑक्साइडचा स्वभाव मला कळला तो प्लॅटिनमच्या मुशीत, म्हणजे नमुना तापवायच्या छोट्या भांड्यात. म्हणून तिथूनच सांगतो.

खनिजात सिलिका किती, हे काढायचं तर आधी ती विरघळवावी लागते. हायड्रोक्लोरिक, नायट्रिक, सल्फ्युरिक, कोणतंही नेहमीचं आम्ल घ्या, सिलिका ढिम्म हलत नाही. आता विचार करा, आम्लात न हलणारी वस्तू कशाला दाद देईल? आम्लारीला. म्हणून आम्ही अर्धा ग्रॅम नमुना मैद्यासारखा बारीक करून त्यात चार-पाच ग्रॅम कोरडा सोडियम कार्बोनेट मिसळायचो, मुशीवर झाकण ठेवायचो आणि भट्टीत हळूहळू तापवायचो. सोडा ८५१ अंशांना वितळतो. त्याच्या आसपास झाकण किंचित सरकवून पाहिलं की आत खदखद दिसते. दुधाला उकळी यायच्या आधी कडेला बुडबुडे धरतात, तसे. तो कार्बन डायऑक्साइड असतो. सिलिका सोड्यातला सोडियमचा भाग स्वतःकडे घेते, सोडियम सिलिकेट होतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. खदखद थांबली, आतला रस लाल आणि नितळ झाला की काम झालं. थंड झालेली वडी मग विरल आम्लात अलगद उतरते. पाण्याचा एक थेंबही नाही, लिटमस नाही, तरी सिलिकाने आम्लाचं काम केलं. आम्लारीशी जुळून क्षार बनवला.

इथे एक बारकावा आहे, तो वर्गात सांगायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पाण्यात उलट घडतं. सोडियम सिलिकेटच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड सोडला तर सिलिकाच जेलीसारखी बाहेर पडते. म्हणजे पाण्यात कार्बोनिक आम्ल वरचढ. भट्टीत मात्र कार्बन डायऑक्साइड वायू होऊन निसटतो, परत यायला तो तिथे नसतोच, त्यामुळे सिलिकाची सरशी होते. कोण जास्त आम्लधर्मी, याचं उत्तर परिस्थितीवरही ठरतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक चूक केली होती. प्लॅटिनमच्या मुशी दुसऱ्या कामात अडकल्या होत्या आणि अहवाल संध्याकाळी द्यायचा होता, म्हणून मी तीच सोड्याची वितळण चिनीमातीच्या मुशीत केली. सिलिकाचा आकडा अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आला. मी तीन वेळा वजन केलं, आकडा तोच. आमचे वरिष्ठ आले, त्यांनी मुस हातात घेऊन उजेडाकडे धरली आणि आतल्या बाजूने बोट फिरवायला सांगितलं. गुळगुळीत चकाकी गेली होती, बोटाला खरखर लागली. "सोड्यानं मुस खाल्ली," ते म्हणाले, "तू नमुन्यातली सिलिका मोजलीच नाहीस, भांड्यातलीसुद्धा मोजलीस." चिनीमातीत आणि तिच्या चकाकीत सिलिका भरपूर असते. तो खरखरीत स्पर्श मला आजही आठवतो. सिलिका आम्लधर्मी आहे हे मला त्या दिवशी बोटाने कळलं.

तुमच्या प्रयोगशाळेतही याचा पुरावा असणार. कॉस्टिक सोड्याचं द्रावण काचेच्या बुचाच्या बाटलीत भरून कोणी उन्हाळ्याच्या सुट्टीवर गेलं असेल, तर जूनमध्ये ते बूच निघत नाही. काचेतल्या सिलिकावर कॉस्टिकने काम केलेलं असतं आणि घासलेल्या तोंडाशी तयार झालेला सिलिकेट डिंकासारखा धरून बसतो. ब्युरेटची काचेची तोटीही अशीच जखडते. म्हणून कॉस्टिक नेहमी प्लास्टिकच्या नाहीतर रबरी बुचाच्या बाटलीत ठेवायचं. अशी अडकलेली बाटली तुमच्याकडे असेल तर फेकू नका, वर्गात दाखवा.

आणि रेतीच आणली आहे त्या मुलाने, तर त्याला राखेच्या विटांबद्दलही सांगा. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांतून जी उडती राख निघते तिच्यात बहुतांश सिलिका आणि ॲल्युमिना असतात. ही राख, चुना, थोडं जिप्सम आणि पाणी मिसळून विटा पाडतात. भट्टी लागत नाही. चुना आम्लारिधर्मी, राखेतली सिलिका आम्लधर्मी. ओलाव्यात ती दोघं दिवसेंदिवस हळूहळू जुळत जातात, कॅल्शियम सिलिकेट होतं आणि वीट घट्ट होते. रेतीचा कण टणक स्फटिक असतो, तो थंडपणी चुन्याला दाद देत नाही. राखेतली सिलिका काचेसारखी, विस्कटलेल्या बांधणीची असते, म्हणून ती देते. द्रव्य एकच, बांधणी वेगळी, वागणं वेगळं.

हीच बांधणीची गोष्ट पूर्ण आवर्तात पाहायला मिळते. मॅग्नेशियम ऑक्साइड साधारण २८५० अंशांना वितळतं, ॲल्युमिनियम ऑक्साइड २०७२ ला, सिलिका १७०० च्या थोडं वर. आणि त्याच्या शेजारचं फॉस्फरसचं ऑक्साइड? ३६० अंशांच्या आसपास सरळ वाफ होऊन उडून जातं. सल्फर ट्रायऑक्साइड १७ अंशांना वितळतं, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात ते घट्ट राहणारच नाही. हा मधला कडा सिलिकॉन आणि फॉस्फरसच्या मध्ये आहे. डावीकडे सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडं म्हणजे आयनांचे थरच्या थर. सिलिका म्हणजे प्रत्येक सिलिकॉनला चार ऑक्सिजन, प्रत्येक ऑक्सिजनला दोन सिलिकॉन, असं टोकापासून टोकापर्यंत विणलेलं जाळं. फॉस्फरसपासून पुढे सुटे रेणू. सुटा रेणू पाण्यात टाकला की पाणी त्याच्यापर्यंत लगेच पोचतं. जाळं तोडायला पाण्यात तेवढा जोर नाही. म्हणून रेतीवरून नदी वर्षानुवर्षं वाहते आणि पाणी आंबट होत नाही.

आता तुमच्या ॲल्युमिनाच्या बाटलीकडे येऊ. ती पावडर तयार करताना खूप तापवलेली असणार. १००० अंशांच्या वर तापवलेला ॲल्युमिना जो रूप घेतो, तेच माणिक आणि नीलम यांचं मूळ द्रव्य. माणकात थोडं क्रोमियम असतं म्हणून ते लाल, एवढाच फरक. अशा दगडाने परीक्षानळीतल्या आम्लाला दाद द्यावी ही अपेक्षाच चुकीची. उभयधर्मी स्वभाव बघायचा असेल तर ताजा, ओला, फुललेला पदार्थ लागतो. आणि तो करायला किराणा दुकानातली तुरटी पुरते.

इतवारीत मिळते तसली स्वच्छ, पारदर्शक तुरटी घ्या. सुपारीएवढा खडा अर्धा पेला पाण्यात विरघळवा. त्यातलं थोडं परीक्षानळीत घेऊन विरल अमोनियाचे थेंब टाका. पांढरा, अर्धपारदर्शक, तांदळाच्या पेजेसारखा गोळा दिसेल. हे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. ते बसू द्या, वरचं पाणी ओतून टाका, आणि उरलेल्याचे दोन भाग करा. एकात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने, दुसऱ्यात कॉस्टिक थेंबाथेंबाने. दोन्ही नळ्या नितळ होतील. मुलांना नळी हलवत राहायला सांगा, कारण कडेला लटकलेला शेवटचा गोळा विरघळताना बघण्यात खरी मजा आहे. अमोनियाऐवजी थेट कॉस्टिक घेतलं तर एखादा थेंब जास्त पडताच गोळा तयार होऊन लगेच नाहीसा होतो आणि मुलांना वाटतं काही झालंच नाही. अमोनिया सौम्य आहे, तो गोळ्याला परत विरघळवत नाही, म्हणून सुरुवात अमोनियाने.

याच उभयधर्मी स्वभावावर जगातला जवळजवळ सगळा ॲल्युमिनियम उभा आहे. बायर या रसायनतज्ज्ञाने १८८७-८८ च्या सुमारास शोधलेली पद्धत आजही चालते. बॉक्साइट गरम कॉस्टिकमध्ये दाबाखाली उकळायचं. ॲल्युमिना उतरतो, लोहाचं ऑक्साइड आम्लारिधर्मी असल्याने कॉस्टिककडे ढुंकूनही बघत नाही आणि लाल चिखल होऊन मागे राहतं. गाळलं की ॲल्युमिना एकीकडे, लोह दुसरीकडे. त्रास देते ती पुन्हा सिलिका. बॉक्साइटमध्ये चिकणमातीच्या रूपात आलेली सिलिका आम्लधर्मी असल्याने कॉस्टिकमध्ये उतरते, मग सोडियम आणि ॲल्युमिनियम दोघांना धरून परत खाली बसते. जेवढी सिलिका, तेवढं कॉस्टिक वाया आणि ॲल्युमिनाही वाया. म्हणूनच बॉक्साइटचा नमुना आला की आम्हाला आधी सिलिकाचा आकडा विचारायचे. आपल्या नागपुरात अमरावती रस्त्यावर वाडीला ॲल्युमिनियमवर संशोधन करणारं राष्ट्रीय केंद्रच आहे, जवाहरलाल नेहरूंच्या नावाचं. पोट्ट्यांना सांगा, पुस्तकातल्या एका ओळीवर आपल्या शहरात पूर्ण संस्था काम करते.

हे सगळं का होतं, ते एका चित्रात सांगता येतं. मूलद्रव्य, त्याला जोडलेला ऑक्सिजन, त्याला जोडलेला हायड्रोजन. तिघं एका रांगेत हात धरून उभे आहेत. पाण्यात गेल्यावर कोणता हात सुटणार? सोडियमची विद्युतऋणता, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद, ०.९३, ऑक्सिजनची ३.४४. सोडियमने इलेक्ट्रॉन जवळजवळ सोडूनच दिलाय, त्यामुळे सोडियम आणि ऑक्सिजन यांच्यामधला हात सुटतो आणि हायड्रॉक्साइड मोकळा होतो. ते आम्लारी. पुढे मॅग्नेशियम १.३१, ॲल्युमिनियम १.६१, सिलिकॉन १.९०, फॉस्फरस २.१९, सल्फर २.५८, क्लोरीन ३.१६. जसजसं उजवीकडे जाल तसतसं मधलं मूलद्रव्य ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतं. ऑक्सिजन मग ती तूट हायड्रोजनकडून भरून काढतो, आणि शेवटी हायड्रोजनचा हात सुटतो. ते आम्ल. ॲल्युमिनियम बरोबर मध्ये. समोर आम्ल आलं तर एक हात सुटतो, आम्लारी आलं तर दुसरा. वर्गात तीन मुलांना उभं करून हे करून दाखवा, आणि मधल्या मुलाला दोन्हीकडून ओढा. ॲल्युमिनियमची अवस्था त्यांना वेगळी समजवावी लागणार नाही.

डाव्या टोकाला फार वेळ घालवू नका, पण दोन गोष्टी बरोबर सांगा. सोडियम हवेत जाळला की सोडियम ऑक्साइड मिळतं असं आपण सर्रास सांगतो. खरं तर भरपूर ऑक्सिजनमध्ये मुख्यतः पेरॉक्साइड तयार होतं. साधं ऑक्साइड हवं तर ऑक्सिजन मोजून द्यावा लागतो. आणि मॅग्नेशियमची फीत जाळून उरलेली पांढरी राख म्हणजे शुद्ध ऑक्साइड नव्हे. हवेतल्या नायट्रोजनशी जुळून थोडं नायट्राइडही होतं. राखेवर दोन थेंब पाणी टाकून सावकाश वास घ्या, अमोनियाचा हलका झटका येतो. राख पाण्यात ढवळून तिचा थेंब हळदीच्या कागदावर टाका. कागद हळदीत बुडवून वाळवलेला, घरीच केलेला चालतो. लाल डाग उमटेल. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते हे घरात सगळ्यांना माहीत असतं, तोच हा रंग. मॅग्नेशियम ऑक्साइड पाण्यात अगदी थोडं उतरतं, पीएच १० च्या आसपास जातो. सोडियमचं द्रावण मात्र थेट १३-१४ ला. त्या थोडंसंच उतरण्यामुळेच मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पोटातल्या जळजळीवर पिता येतं. कॉस्टिक कोणी पिऊ शकेल का?

उजव्या टोकाची गोष्ट जास्त रंजक आहे. फॉस्फरसचं ऑक्साइड पाण्याला इतकं हपापलेलं असतं की प्रयोगशाळेत ते वस्तू कोरडी करायला वापरतात. पाणी मिळालं की फॉस्फोरिक आम्ल. आता हे ऑक्साइड आम्लधर्मी आहे या एका गोष्टीने पोलादाचा इतिहास कसा बदलला ते ऐका. पोलाद बनवायच्या बेसेमरच्या भट्टीला आतून सिलिकाच्या विटा लावत. लोखंडात फॉस्फरस असला की पोलाद ठिसूळ व्हायचं, आणि हवा फुंकूनही तो फॉस्फरस काही जायचा नाही. कारण साधं आहे. फॉस्फरस जळून आम्लधर्मी ऑक्साइड होतं, पण भट्टीचं अस्तर आणि मळ दोन्ही आम्लधर्मीच. त्याला धरणारं कोणी नाही, त्यामुळे तो लोखंडात परत जायचा. १८७८ च्या सुमारास सिडनी गिलख्रिस्ट थॉमस आणि त्याचा चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांनी अस्तर डोलोमाइटचं केलं आणि भट्टीत चुना टाकला. आता आम्लारिधर्मी जोडीदार मिळाला. फॉस्फरस कॅल्शियम फॉस्फेट होऊन मळात गेला, आणि तो मळ शेतात खत म्हणून विकला गेला. आजही मँगनीजचं खनिज घेणारा गिऱ्हाईक मँगनीजच्या टक्केवारीनंतर लगेच फॉस्फरस विचारतो, आणि भट्टीवाले मळाची 'बेसिसिटी' मोजतात, म्हणजे आम्लारिधर्मी ऑक्साइडांचं आम्लधर्मी ऑक्साइडांशी प्रमाण. भट्टीची वीट निवडतानाही हाच हिशोब. आम्लधर्मी मळाला सिलिकाची वीट, आम्लारिधर्मी मळाला मॅग्नेशियाची. उलटं केलं की मळ वीट खातो, माझ्या चिनीमातीच्या मुशीसारखी.

गंधक हवेत जाळलं की निळी ज्योत आणि सल्फर डायऑक्साइड. ट्रायऑक्साइड तसं आपोआप होत नाही. त्याला ४५० अंशांच्या आसपास व्हॅनेडियमच्या ऑक्साइडचा उत्प्रेरक लागतो. मुलं इथे हमखास चुकतात. कोळशातलं गंधकही जळून डायऑक्साइडच होतं, आणि धुरातून ते काढायचं तर चुनखडीच्या पाण्याचा फवारा मारतात. आम्लधर्मी वायू, आम्लारिधर्मी चुना, शेवटी जिप्सम. औष्णिक केंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर केंद्र सरकारने मर्यादा घातल्या त्या डिसेंबर २०१५ मध्ये. क्लोरीनचं वरचं ऑक्साइड ऑक्सिजनबरोबर जाळून मिळतच नाही. परक्लोरिक आम्लातून फॉस्फरसच्या ऑक्साइडने पाणी ओढून घेतात, तेव्हा ते तेलकट द्रव मिळतं, आणि ते स्फोटक असतं. शाळेत ते फक्त नावापुरतं. अरगॉन ऑक्साइड करतच नाही.

आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हला हे सगळं किती महत्त्वाचं वाटलं होतं बघा. त्याने १८७१ च्या तक्त्यात गणांच्या, म्हणजे उभ्या रांगांच्या, डोक्यावर ऑक्साइडची सूत्रंच लिहिली होती. आपल्या आवर्तात एका अणूमागे ऑक्सिजन मोजा: अर्धा, एक, दीड, दोन, अडीच, तीन, साडेतीन. सोडियमपासून क्लोरीनपर्यंत अर्ध्या-अर्ध्याने चढत जाणारी पायरी. याच पायरीच्या भरवशावर त्याने तेव्हा न सापडलेल्या, सिलिकॉनखालच्या मूलद्रव्याचं ऑक्साइड कसं असेल ते आधीच लिहून ठेवलं. १८८६ मध्ये जर्मेनियम सापडलं आणि त्याचं ऑक्साइड तसंच निघालं, एकाला दोन ऑक्सिजन.

नागपूरकरांना तर आवर्त ओलांडायचीही गरज नाही. मनसर, कांद्री, गुमगावच्या खाणींतलं मँगनीज घ्या. एकाच मूलद्रव्यात ही पूर्ण रांग आहे. कमी ऑक्सिजनवालं मँगनस ऑक्साइड आम्लारिधर्मी, आम्लात उतरून फिकट गुलाबी क्षार देतं. काळं डायऑक्साइड मध्यात, दोन्ही बाजूंना जेमतेम झुकणारं. आणि सगळ्यात जास्त ऑक्सिजनवालं हेप्टॉक्साइड पक्कं आम्लधर्मी, हिरवट तेलासारखं द्रव, जरा उष्णतेने फुटणारं. विहिरीत टाकायचं जांभळं पोटॅश परमँगनेट म्हणजे त्याच आम्लाचा क्षार. परमँगनेटवर संहत सल्फ्युरिक आम्ल टाकून ते हेप्टॉक्साइड बनवण्याचा प्रयोग इंटरनेटवर दिसतो. तो मुलांनी करू नये हे स्पष्ट सांगा, डोळे जातात. मला मात्र हे मँगनीज सुरक्षितपणे रोज दिसायचं. तीच सोड्याची वडी, प्लॅटिनमच्या मुशीतली, थंड होताना कडेने हिरवी व्हायची. हवेतला ऑक्सिजन घेऊन मँगनीज वरच्या पायरीवर चढायचं आणि तिथे आम्लधर्मी होऊन सोडियमशी जुळायचं. सोडियम मँगनेटचा तो हिरवा. नवीन आलेल्या मुलांना मी नमुन्याचा कागद दाखवायच्या आधी वडी दाखवायचो आणि विचारायचो, यात काय आहे.

काळ्या डायऑक्साइडवर संहत हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की क्लोरीन निघतो. शील या रसायनतज्ज्ञाने १७७४ मध्ये क्लोरीन असाच मिळवला होता. पण ते ऑक्सिडीकरण आहे. त्यावरून डायऑक्साइड आम्लारिधर्मी ठरत नाही. तसंच "अधातूंची ऑक्साइडं आम्लधर्मी" या वाक्यापुढे "बहुतेक" लिहा. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रस ऑक्साइड उदासीन आहेत.

तुमचा वर्ग काटोलचा, म्हणजे निम्म्या मुलांच्या घरी संत्र्याची बाग असणार. डिंक्या रोगासाठी झाडाच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावतात ती त्यांनी पाहिली असेल: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचुदाचं द्रावण आम्लधर्मी, निळा लिटमस तिथे लाल होतो. कळीचा चुना म्हणजे कॅल्शियमचं ऑक्साइड, मॅग्नेशियमच्या बरोबर खालचं आणि त्याच्याहून पाण्यात जास्त उतरणारं. चुना विरवताना पाणी उकळतं, म्हणून ते काम मोठ्यांनीच, डोळे सांभाळून करायचं. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडाच्या कधीच नाही. मुलांना हे करताना बघून यायला सांगा. मिश्रण बरोबर झालं का, हे त्यांचे वडील लिटमसशिवाय तपासतात. स्वच्छ लोखंडी सुरी मिश्रणात थोडा वेळ बुडवून बाहेर काढतात. पात्यावर तांब्याचा लालसर थर दिसला, की आणखी चुना घालतात.